गोव्याच्या दमट हवेत दाढीवाल्या सरड्याची झोप

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वाळपईहून भाच्याचा फोन आला. आवाज रडवेला होता. "मामा, रॉकी उठतच नाही. तीन दिवस झाले. गेला तर नसेल ना?"

रॉकी म्हणजे त्याचा बियर्डेड ड्रॅगन, दाढीवाला सरडा. मी त्याला म्हटलं, आधी त्याला अलगद तळहातावर घे आणि बरगड्यांकडे बघत राहा. श्वास चालू होता, फार सावकाश. डोळे खोल गेलेत का? नाही. शेपटीचं मूळ भरलेलं आहे की हाडं वर आलीत? भरलेलं. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणायला लावला. ४१० ग्रॅम. दीड वर्षाच्या नराला हे वजन ठीक आहे. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. रॉकी बहुधा हिवाळ्याची लांब झोप घेत होता. त्या झोपेकडे शेवटी येतो, कारण त्याआधी या प्राण्याची रोजची झोप आणि त्याला लागणारी ऊब समजून घ्यावी लागते.

माझ्याकडे म्हापशाला अशीच एक मादी आहे, गोटी. तिला चार वर्षं सांभाळताना जे कळलं ते एका वाक्यात सांगायचं तर असं: गोव्यात या सरड्याला ऊब कमी पडत नाही, कमी पडतो तो फरक. दिवसा तापलेली कोरडी जागा, तिच्यापासून हातभर अंतरावर गार सावली, आणि रात्री गारवा व मिट्ट काळोख. हे तिन्ही आपल्या हवेत आपोआप मिळत नाही, आपल्याला ते मुद्दाम करून द्यावं लागतं.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. ॲलिस स्प्रिंग्ज हे त्याच्या मुलखातलं ओळखीचं गाव. तिथे जानेवारीत, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात, दुपारचं सरासरी तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास जातं आणि जुलैच्या रात्री ते सरासरी ४ अंशांपर्यंत उतरतं. वर्षाचा पाऊस ३०० मिलिमीटरच्याही आत. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, म्हणजे दहापट. पणजीत मे महिन्यातली दुपार ३३-३४ अंशांची आणि रात्र २६-२७ ची. दिवस-रात्रीत सात अंशांचा फरक, आणि हवा ओल्या पंचासारखी अंगाला चिकटलेली. "गोव्यात एवढं उकडतं, सरड्याला आणखी दिवा कशाला?" असं शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं. प्रश्न साधा आहे आणि जवळजवळ प्रत्येक जण तो विचारतो.

उत्तर आपल्या परसातच मिळतं. सकाळी आठच्या सुमाराला चिऱ्याच्या कुंपणावर बसलेला सरडा बघा. रात्रीचा गारठा अंगात असतो तेव्हा तो पसरट होऊन उन्हाकडे पाठ करतो. तापला की झटकन पानांत शिरतो. पुन्हा गार झाला की पुन्हा चिऱ्यावर. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो, पण दुपारी त्यांचं रक्त आपल्याइतकंच गरम असतं. ते ती गरमी आत तयार करत नाहीत, बाहेरून घेतात आणि जागा बदलून मोजकी ठेवतात. दाढीवाल्या सरड्याचं शरीर ३५ अंशांच्या आसपास नीट चालतं. ३१ अंशांच्या खोलीत तो मरणार नाही, पण खाल्लेलं त्याला धड पचणार नाही. पोटात अन्न कुजतं, बद्धकोष्ठ होतं, भूक मरते. आणि तो दिवसभर पेंगुळल्यासारखा पडून राहतो, ज्याला लोक "किती शांत स्वभावाचा आहे" म्हणतात.

म्हणून पेटीच्या एका टोकाला दिवा हवा. पांढऱ्या उजेडाचा साधा हॅलोजन चालतो. त्याच्याखाली दगड किंवा कडाप्प्याचा तुकडा, आणि त्या दगडाचा पृष्ठभाग ३८ ते ४२ अंश. पिल्लांना याच्या वरच्या टोकाचं तापमान मानवतं. दुसऱ्या टोकाला २४ ते २९ अंश. मधला उतार सलग असावा, त्यामुळे पेटी लांब लागते. मोठ्या सरड्याला चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच ही किमान जागा समजा. दोन फुटांच्या माशांच्या टाकीत दिवा लावला की सगळी टाकीच तापते आणि त्याला पळायला जागा उरत नाही.

तापमान मोजताना मी स्वतः फसलो आहे. पेटीबरोबर काचेला चिकटवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर मिळाला होता. तो ३३ दाखवायचा, मी निर्धास्त. गोटी मात्र दगडावर चढायची, दोन-तीन मिनिटांत उतरायची आणि गार कोपऱ्यात जाऊन बसायची. मला वाटायचं तिला ऊन आवडत नाही. एकदा एका इलेक्ट्रिशियनकडची लेझरच्या ठिपक्याची तापमान-बंदूक मागून आणली आणि दगडावर रोखली. ५१ अंश. काचेवरची तबकडी तिथून दीड फुटावरची हवा मोजत होती आणि गोटी पोट टेकत होती तो दगड तव्यासारखा तापला होता. त्याच संध्याकाळी दिवा चार बोटं वर घेतला आणि शंभर वॉटचा काढून साठचा लावला. दुसऱ्या दिवशी दगड ४० वर आला. गोटी अर्धा तास त्यावर पसरली, तोंड किंचित उघडं ठेवून. दिव्याखाली असं तोंड उघडणं चांगलं, ती जादा उष्णता बाहेर टाकण्याची रीत आहे. गार कोपऱ्यात किंवा रात्री तोंड उघडं दिसलं तर मात्र ते दुखणं समजा.

तापणारे कृत्रिम दगड मिळतात, ते घेऊ नका. या प्राण्याला पोटाखालची उष्णता वेळेवर जाणवत नाही आणि पोट भाजतं.

दिव्याइतकीच दुसरी गरज अतिनील-ब किरणांची. ते कातडीवर पडले की ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या बळावर खाण्यातलं कॅल्शियम हाडांत जातं. किरण नसतील तर जबडा मऊ पडतो, पायांना कंप सुटतो, पाठ वाकते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात हे किरण जवळजवळ नसतातच, काच ते अडवते. त्यासाठी अतिनील-ब किरण देणारी लांब टी-५ नळी, म्हणजे खास बारीक ट्यूबलाइट, लागते. ती पेटीच्या अर्ध्याहून जास्त लांबीची असावी आणि दिव्याच्याच बाजूला लावावी. नळी दोन वर्षं डोळ्यांना तशीच उजळ दिसते, पण किरण त्याआधीच आटतात, म्हणून वर्षाला ती बदलावी. मी माझी गणेश चवथीच्या आधी बदलतो. घरात तेव्हा साफसफाई निघतेच, त्यामुळे विसरायला होत नाही.

आता रात्र. ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं, ती हीच.

संध्याकाळी सातच्या सुमाराला तापणारा दिवा बंद होतो, अर्ध्या तासाने नळी. टायमरचं सॉकेट लावलं आहे, माझ्या आठवणीवर सोडलेलं नाही. त्या अर्ध्या तासात गोटी आपली फांदी शोधते. तिची झोपायची जागा ठरलेली आहे, मागच्या कोपऱ्यात, पुढचे पाय भिंतीला लावून जवळजवळ उभी. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. पण हे प्राणी उभे, आडवे, पानांत तोंड खुपसून, कसेही झोपतात. नळी गेली की थोड्याच वेळात तिचा रंग उतरतो. दिवसा ती पिवळसर तांबूस असते, झोपेत फिकी होते, अगदी जुन्या कागदासारखी. पापणी खालून वर मिटते. मग पापणीआड डोळा हलायला लागतो. थांबतो. पुन्हा हलतो.

त्या हलण्यामागे मोठी गोष्ट आहे. माणूस झोपेत दोन अवस्थांत येरझाऱ्या घालतो. एक गाढ, मंद लहरींची. दुसरीत डोळे भराभर फिरतात आणि स्वप्नं पडतात. ही दुसरी अवस्था सस्तन प्राण्यांत आणि पक्ष्यांतच असते असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०१६ साली फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत जिल लॉरां यांच्या गटाने झोपलेल्या बियर्डेड ड्रॅगनच्या मेंदूतले विद्युत संकेत टिपले, आणि या सरड्यातही दोन्ही अवस्था सापडल्या. माणसाचं एक चक्र साधारण दीड तासाचं, रात्रीत चार-पाच चक्रं. या सरड्याचं चक्र सुमारे ८० सेकंदांचं, आणि रात्रीत अशी साडेतीनशेच्या आसपास. सस्तन प्राणी आणि सरडे यांचे पूर्वज तीस कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले. झोपेची ही घडी कदाचित तितकी जुनी असेल. हे वाचल्यापासून रात्री पाणी प्यायला उठलो की मी गोटीच्या पेटीजवळ दिवा न लावता जातो.

सरड्याला स्वप्नं पडतात का, ते कुणी सांगू शकत नाही. पण त्याची झोप म्हणजे नुसतं गार होऊन निपचित पडणं नव्हे, इतकं यातून पक्कं होतं. ती मोडली की त्याचं काहीतरी मोडतं. मोठ्या सरड्याला रोज दहा ते बारा तास अखंड काळोख द्यावा.

अखंड काळोख म्हणजे लाल दिवाही नको. ही चूक मी पहिल्या सहा महिन्यांत केली. पेटी विकणाऱ्याने रात्रीसाठी म्हणून लाल बल्ब दिला होता, "त्यांना लाल रंग दिसत नाही" असं ठासून सांगत. दिसतो. सरड्यांना आपल्याहून जास्त रंग दिसतात, अतिनीलसुद्धा. शिवाय त्यांच्या डोक्यावर, दोन डोळ्यांच्या मागे मधोमध, एक फिकट ठिपका असतो. तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड-अंधार मात्र कळतो, आणि दिवस-रात्रीचं घड्याळ त्यावरून जुळतं. पापण्या मिटल्या तरी हा डोळा उघडाच. लाल बल्बाखाली गोटी रात्रभर फांदी बदलत राहायची, पोटावर गडद रेघा उमटायच्या आणि सकाळी अकरापर्यंत डोळे अर्धे मिटलेले. बल्ब काढला आणि आठवड्यात ती साडेआठला दगडावर यायला लागली.

मग रात्री ऊब कशाने द्यायची? गोव्यात बहुतेक घरांना द्यायची गरजच नाही. रात्रीचं तापमान १८ ते २५ अंशांत असेल तर त्याला ते मानवतं, उलट हवंच असतं. दिवसाच्या ४० नंतरचा हा उतार म्हणजे त्याच्या शरीराला मिळालेली रात्र. किनाऱ्याजवळ हिवाळ्यातही पारा क्वचितच १८ च्या खाली जातो. सत्तरी-सांग्याच्या डोंगराकडच्या घरांत पहाटे खाली जाऊ शकतो. तिथे उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावावा.

खरी अडचण एसीची आहे. घरात एकाच खोलीला एसी, पेटीही त्याच खोलीत, आणि रात्रभर १८ वर चालू. एसी नेमका पेटीवर झोत टाकत असेल तर आतलं तापमान आणखी खाली उतरतं. त्यात रात्री आठ वाजता पोटभर किडे खाऊ घातलेले असतील तर ते पचायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. एसी २५ वर ठेवा, झोत दुसरीकडे वळवा, आणि शेवटचं खाणं दिवे जाण्याच्या दोन तास आधी द्या.

आवाजाचंही तेच. दिवाळीच्या आदल्या रात्री गोव्यात नरकासुराचे पुतळे निघतात आणि पहाटेपर्यंत स्पीकरने खिडक्यांच्या काचा थरथरतात. सरडा ती थरथर पोटाने ऐकतो. त्या रात्री मी पेटी रस्त्याकडच्या खोलीतून मागच्या खोलीत नेतो, खाली जाड रजई घालतो आणि तिन्ही बाजूंनी काळी चादर सोडतो. वरची जाळी मोकळी, हवा अडता कामा नये.

पावसाळा हा या प्राण्याचा गोव्यातला सगळ्यात कठीण काळ. पेटीतली आर्द्रता ३० ते ४० टक्के असावी, ५० पर्यंतही चालून जातं. जुलैत माझ्या दिवाणखान्यात ती ८८ दाखवते. इतक्या ओल्या हवेत महिनोन् महिने राहिलं की फुप्फुसात संसर्ग होतो. नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, श्वास घेताना बारीक चटचट आवाज, मान वर करून बसणं. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये. गुरं आणि कुत्री-मांजरं बघणाऱ्या सगळ्याच डॉक्टरांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव नसतो, म्हणून असा अनुभव असलेला डॉक्टर पाऊस सुरू व्हायच्या आधीच शोधून ठेवावा.

आर्द्रता उतरवायची तर आधी पेटीतली ओल शोधा. नारळाच्या सोडणांचा भुसा आपल्याकडे स्वस्त म्हणून घातला जातो, तो पाणी धरून ठेवतो आणि बुरशी पकडतो. त्याजागी लादी किंवा रोज बदलता येईल असा वर्तमानपत्राचा थर. प्लायवूडची पेटी असेल तर मे महिन्यातच तिच्या कडा सील करा, नाहीतर ऑगस्टात फुगते. पाण्याची वाटी पेटीत चोवीस तास ठेवायची गरज नाही, सकाळी तासभर पुरे. आणि मोठं काम करतं ते खोलीतलं ओल शोषणारं यंत्र किंवा एसीचा ड्राय मोड. दिवसा तीन-चार तास तो चालवला की माझ्याकडे ८८ चे ५५ होतात. दिव्याखालचा दगड त्याहून कोरडा असतोच. कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे पेटीच्या आत मात्र ठेवू नका, त्यात साचणारं पाणी खारट आणि घातक असतं आणि सरडा ते चाटून बघतो.

वीज गेली तर? पावसाळ्यात ती जातेच. पाच-सहा तासांनी काही बिघडत नाही, आपल्या खोलीत २६ अंश असतातच. फक्त त्या दिवशी किडे देऊ नका. वीज दोन दिवस आली नाही तर गरम पाण्याची बाटली जाड टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवता येते.

एप्रिल-मे उलट. खोलीच ३३ वर असते, तेव्हा गार टोक गार राहत नाही. दिव्याचे वॉट कमी करा, पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. ४० च्या वर सगळी पेटी गेली तर तासाभरात जीव जाऊ शकतो. काचेची पेटी उन्हात ठेवणं म्हणजे भट्टी लावणंच. ऊन द्यायचं तर सकाळी आठ-नऊला, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर सावली धरून, आणि आपण तिथून हलायचं नाही. घार आणि मांजर दोन्ही लक्ष ठेवून असतात.

मेच्या शेवटी, पाऊस उंबरठ्यावर असताना, काजवे घरात शिरतात. अमेरिकेत काजवा खाऊन बियर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या काजव्यांत हृदय बंद पाडणारं विष असतं. आपले काजवे वेगळ्या जातीचे असले तरी परीक्षा घेऊ नका. रात्री पेटीची जाळी नीट बसवा.

एक जाता जाता, कारण मला ते फार विलक्षण वाटतं. या जातीची अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन बाहेर येतात आणि पुढे अंडीही घालतात. ऑस्ट्रेलियातल्या रानातही अशा माद्या आढळल्या आहेत, तो शोधनिबंध २०१५ सालचा. दोन-तीन अंशांत या प्राण्याचं काय काय बदलतं ते यावरून ध्यानात यावं.

आता रॉकी. मोठा सरडा हिवाळ्यात काही आठवडे, कधी दोन-तीन महिने, जवळजवळ झोपून काढतो. इंग्रजीत याला ब्रुमेशन म्हणतात. अस्वलाच्या झोपेहून ती हलकी असते, मधेच उठून तो पाणी पितो, जागा बदलतो, पुन्हा पडतो. गोव्यात गारठा फारसा नसला तरी दिवस आखडतो. जूनमध्ये तो जवळजवळ १३ तासांचा असतो, डिसेंबरात सव्वाअकरा. तेवढं काही सरड्यांना पुरतं, काही झोपतच नाहीत. गोटी चार वर्षांत एकदाही झोपली नाही आणि तिची तब्येत उत्तम आहे.

यात धोका दोन ठिकाणी आहे. पोटात अन्न असताना तो झोपला तर ते आतच सडतं, म्हणून भूक कमी होताना दिसली की किडे थांबवायचे आणि पोट साफ होईपर्यंत दिवे पूर्ववत ठेवायचे. आणि जंतांनी पोखरलेला सरडाही नेमका असाच झोपाळू दिसतो. झोप लागायच्या आधी शेण तपासून घ्यावं. वर्षाच्या आतलं पिल्लू किंवा हाडं दिसणारा सरडा असा पडून राहिला तर ते ब्रुमेशन न समजता आजार समजून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.

भाच्याने शेण तपासलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रॉकीला कोमट पाण्यात दहा मिनिटं बसवलं तेव्हा त्याने थोडं केलं, ते डबीत घालून त्याचे बाबा फोंड्याला तपासायला घेऊन गेले. जंत निघाले नाहीत. मग मी त्याला एक वही घालायला लावली: दर रविवारी वजन, पेटीतलं पहाटेचं तापमान आणि पाणी प्याला का. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ३६९ च्या खाली गेलं, तर मला न विचारता थेट डॉक्टर. दिव्यांची वेळ रोज दहा तासांवर आणली, पेटीवर चादर, आणि दिवसातून चार वेळा काठीने डिवचून बघणं बंद.

वहीत पाच रविवार भरले. ४०८, ४०५, ४०५, ४०१, ३९८. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी साडेनऊला त्याने फोटो पाठवला. रॉकी दगडावर, तोंड किंचित उघडं, दाढी काळपट फुगलेली. खाली लिहिलं होतं, "मामा, त्याला आत्ता रातकिडे देऊ?" मी लिहिलं, आज फक्त पाणी आणि दिवा. उद्या दुपारी मशिंगाची, म्हणजे शेवग्याची, चार कोवळी पानं, बारीक चिरून. किडे परवा.